डिलीट केलेल्या फायली खरोखर जातात का?

प्रश्न (रावेर): आमच्या केळी-खरेदीच्या पेढीतला जुना संगणक विकायचा आहे. त्यातल्या काटा-पावत्या आणि शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक डिलीट करून रिसायकल बिनही रिकामे केले; तरी दुरुस्तीवाले म्हणतात की ते परत काढता येते. हे खरे आहे का?

उत्तर (धुळे): खरे आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फायली साठवण्याच्या रचनेत प्रत्येक फायलीची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते. बिन रिकामे केल्यावर ती नोंद वापरात नसल्याची खूण होते आणि फायलीची जागा मोकळी धरली जाते, परंतु तेथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो. डिस्क वरवर रिकामी करणाऱ्या क्विक फॉरमॅटनेही तो पुसला जात नाही. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सर्वत्र शून्ये लिहितो. सात-सात वेळा पुसण्याचा सल्ला मिळेल, तो मनावर घेऊ नका. आजच्या फिरत्या डिस्कला (हार्ड डिस्कला) एकदा पुरते.

उत्तर (भुसावळ): आधी डिस्क कोणती ते पाहावे. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असल्यास विंडोज 7 पासून असलेल्या ट्रिम आज्ञेमुळे रिकाम्या झालेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करतो. तरीही उत्पादकाच्या सिक्युअर इरेज या संपूर्ण ड्राइव्ह पुसणाऱ्या सुविधेवरच भिस्त ठेवावी.

प्रश्नकर्ता: डिस्क फिरतीच आहे, पण सी ड्राइव्ह फॉरमॅट होत नाही.

उत्तर (धुळे): चालू विंडोज स्वतःला पुसू देत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि तेथून पूर्ण फॉरमॅट करा. रात्री लावून ठेवलेत तर बरे, कारण त्याला काही तास लागतात.