मराठी चित्रकथा: उभा पट की छापील पान, आणि एआयची चित्रे कितपत वापरावीत?

रेखाटनवही (अंबाजोगाई)

सर्वांना नमस्कार. मी चित्रकलेची शिक्षिका असून १९७२च्या दुष्काळावर ४८ पानांची चित्रकथा करण्याचे काम हाती घेतले आहे. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडीच्या रांगा, विकावी लागलेली दावणीची जनावरे, हे सारे गावातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून टिपून ठेवले आहे आणि सुरुवातीच्या काही पानांची पेन्सिलीतील कच्ची रेखाटनेही झाली आहेत. पुढचे काम टॅबलेटवर करायचे ठरवले, तेव्हा तीन शंका उभ्या राहिल्या. मोबाइलवर बोटाने सरकवत वाचण्यासाठी कथा उभ्या पटात मांडावी की छापील पानाच्या हिशेबाने? पार्श्वभूमीची चित्रे एआयकडून करून घेतली तर त्यांवर माझा हक्क राहतो का? आणि प्रकाशक न मिळाल्यास आमच्या भागातील शाळांपर्यंत ती कशी पोहोचवावी? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उभी रेघ (नांदेड)

मॅडम, विषय फार मोलाचा आहे. मांडणीचा निर्णय मात्र शाई देण्याआधीच व्हायला हवा, कारण नंतर तो बदलायचा म्हणजे अर्धे काम पुन्हा करावे लागते. उभ्या पटाची पद्धत दक्षिण कोरियात रुजली. नेव्हर या कंपनीने तेथे २००४मध्ये वेबटून (पडद्यावर सरकवत वाचायच्या चित्रकथांची) सेवा सुरू केली आणि २०१४मध्ये तिची इंग्रजी आवृत्ती आली. नवोदितांना त्या मंचावर ८०० पिक्सेल रुंद आणि जास्तीत जास्त १२८० पिक्सेल उंच असे तुकडे एकाखाली एक लावावे लागतात. तेथे पान उलटणे नाही आणि समोरासमोरची दोन पानेही नाहीत. दोन चौकटींमधली मोकळी जागाच गेलेला वेळ दाखवते. आटलेल्या विहिरीत सोडलेला पोहरा तळाला टेकेपर्यंतची खोली उभ्या पटात जशी अंगावर येते तशी पानावर येत नाही. याउलट, खडी फोडणाऱ्या शेकडो माणसांचे दृश्य मोबाइलच्या रुंदीत मावतच नाही. त्याला जोडपानच हवे.

माझ्या मते आपण छापील पान हाच पाया धरावा. रेषांचे काम ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करावे आणि पात्रे, पार्श्वभूमी व संवादाचे फुगे प्रत्येक चौकटीगणिक वेगवेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांवर) ठेवावेत, म्हणजे त्याच चौकटी पुढे उभ्या पटात लावता येतील. मोठे चित्र लहान करता येते, पण ८०० पिक्सेलचे चित्र छपाईसाठी वाढवले की रेषा फुटतात. सुरुवातीला क्रिता हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. (जमल्यास अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील विश्वंतर जातक (बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथेचे भित्तिचित्र) या दृष्टीने पुन्हा पाहून यावे. चौकटी न आखताही तेच पात्र पुन्हा पुन्हा येते आणि कथा भिंतीवर पुढे सरकत राहते.)

अक्षरजुळणी (छत्रपती संभाजीनगर)

मी छपाईपूर्व काम करतो. चित्रकथेत सर्वाधिक दुर्लक्ष अक्षरांकडे होते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. इंग्रजी कॉमिक्समधील संवाद बहुधा कॅपिटल अक्षरांत असतात आणि ती सगळी एकाच उंचीची असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत अंतर जास्त लागते आणि फुगाही मोठा लागतो. त्यामुळे फुगा आधी काढून त्यात मजकूर कोंबण्यापेक्षा मजकूर टाइप करून, ओळी तोडून, मग त्याभोवती फुगा काढावा. फॉन्ट युनिकोडच वापरावा. हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’ आणि शीर्षकासाठी ठसठशीत ‘मोदक’ हे दोन्ही मुक्त परवान्याने मोफत मिळतात. फॉन्ट ठरवण्यापूर्वी ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘चिठ्ठ्या’ असे शब्द टाइप करून पाहावेत. अनेक ठिकाणी ‘ऱ्य’ हे जोडाक्षर तुटलेले दिसते. फोटोशॉपमध्ये अक्षरे सुटी पडत असतील तर परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावा.

छपाईच्या वेळी मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर जाईल याची खात्री करून घ्यावी. पडद्यावरचा काळा रंग चार रंगांच्या मिश्रणात रूपांतरित झाला आणि मशीनवर रजिस्ट्रेशन (चारही रंगांचे एकमेकांवर नेमके बसणे) केसभर जरी सरकले, तरी बारीक मात्रांच्या कडेला लालनिळी झाक येते आणि मुलांना वाचताना त्रास होतो. ४८ पाने म्हणजे १६ पानी तीन फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पाने म्हणजे एक फॉर्म), तेव्हा पृष्ठसंख्या आपण योग्य ठरवली आहे. प्रती थोड्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून छापण्याच्या पद्धतीत, प्लेटचा खर्च शंभर प्रतींना जितका तितकाच दोन हजारांना येतो.

रेखाटनवही (अंबाजोगाई)

दोघांचेही मनापासून आभार. एआयबद्दल अजून संभ्रम आहे. वाड्याचे तेच अंगण वेगवेगळ्या कोनांतून वारंवार काढावे लागते आणि शाळा सांभाळून तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून तो विचार मनात आला होता.

रंगपेटी (लातूर)

चित्र खरे उतरते का आणि ते कोणाचे ठरते, असे येथे दोन प्रश्न आहेत. मी काही साधने वापरून पाहिली. मराठवाड्यातील गाव मागितले की उतरत्या कौलांची घरे आणि नारळाची झाडे येतात; मातीचे माळवद (सपाट छप्पर) कितीही वर्णन करून सांगितले तरी नीट येत नाही, आणि एका चौकटीतील चेहरा पुढच्या चौकटीत दुसऱ्याच बाईचा होतो. आपली चित्रकथा लोकांच्या आठवणींवर उभी आहे. ज्या आजींनी ती हकिकत सांगितली त्यांना आपले घर त्यात ओळखू आले पाहिजे, असे मला फार वाटते.

हक्काबाबत एक उदाहरण लक्षात ठेवावे. ‘झारिया ऑफ द डॉन’ या कॉमिकबाबत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये निर्णय दिला की, लिहिलेला मजकूर आणि चित्रांची निवड व मांडणी यांना संरक्षण मिळेल, पण मिडजर्नी या एआय साधनाने तयार केलेल्या चित्रांना मिळणार नाही. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत ठरलेली व्यक्ती, अशी व्याख्या आली. मात्र आजची साधने तेव्हा अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे त्या एका वाक्यावर संपूर्ण पुस्तक उभे करू नये.

अंगणासाठी ब्लेंडर हे त्रिमितीय रचनेचे सॉफ्टवेअर वापरावे. वाड्याचे साधे त्रिमितीय प्रारूप एकदा उभे केले की हव्या त्या कोनातून दृश्य घेऊन त्यावर आपल्या हाताने रेषा काढता येते. पहिले काही दिवस शिकण्यात जातात, पण नंतर यथादर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) कष्ट वाचतात आणि चित्र आपलेच राहते. पेन्सिलीची रेखाटने तारीख टाकून जपून ठेवावीत.

वाचनकट्टा (परभणी)

वितरणाबाबत लिहितो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत होती आणि ती मराठीतही येत. त्यांच्यामागे मोठ्या वृत्तपत्रसमूहाची यंत्रणा होती. एकट्या चित्रकाराला आज मोबाइलमुळे वाचक गाठता येतो, पण सगळे काम एकाच अ‍ॅपच्या हवाली करू नये. कॉमिक्सॉलॉजी ही डिजिटल कॉमिक्सची मोठी बाजारपेठ अ‍ॅमेझॉनने २०१४मध्ये घेतली आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये तिचे स्वतंत्र अ‍ॅप बंद होऊन वाचकांना किंडलकडे वळावे लागले. मूळ फाइली आणि वाचकांची यादी नेहमी आपल्याजवळ असावी.

शाळांसाठी पहिल्या प्रकरणाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवल्यास तो दाबला जाऊन फुग्यांतील अक्षरे धूसर होतात. शेवटच्या पानावर छापील प्रतीची मागणी नोंदवण्यासाठी संपर्क आणि यूपीआयचा क्यूआर कोड द्यावा, आणि आलेल्या मागणीवरून छपाईचा आकडा ठरवावा. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत ठेवता येतात, परंतु तेथील मुक्त परवान्यानुसार श्रेय देऊन कोणीही त्यांचा व्यावसायिक वापरही करू शकतो. म्हणून तेथे एखादी छोटी स्वतंत्र गोष्ट द्यावी, संपूर्ण चित्रकथा देऊ नये. जिल्हा ग्रंथोत्सव आणि तालुक्याची वाचनालये यांना छापील प्रत प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पर्याय नाही.

पहिली आठ पाने झाली की पीडीएफ येथे द्यावी. आमच्या वाचनालयात सायंकाळी येणाऱ्या मुलांच्या हाती ती साध्या मोबाइलवर देऊन कोणत्या चौकटीत ती अडखळतात ते मी पानांच्या क्रमांकासह कळवतो.