पहिली कयाक दहा फुटी की चौदा फुटी?

जलाशयप्रेमी (धागाकर्ता)
स्वतःची कयाक (एक-दोन जणांनी वल्हवायची निमुळती होडी) घ्यायला निघालेल्यांना दुकानात हमखास नऊ-दहा फुटी, रुंद कयाक दाखवतात. "शिकायला बरी" म्हणून. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. मुळशी, पवना, पानशेत अशा मोठ्या पाण्यात जायचं असेल तर पहिलीच कयाक बारा ते चौदा फुटांची घ्या.

आखूड कयाकचं तोंड प्रत्येक वल्ह्याला डावी-उजवीकडे फिरतं, आणि तिला सरळ ठेवण्यातच दंड भरून येतात. शिवाय वेगाची मर्यादा लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). नऊ फुटांना सुमारे ४ नॉट, तेरा फुटांना सुमारे ४.८. उन्हाळ्यात दुपारनंतर समोरून वारा सुटला आणि काठ दूर असला की हा फरक हाताला कळतो.

टपावरची होडी
सूत्र बरोबर आहे, पण ती वरची मर्यादा झाली. हौशी माणूस ताशी साडेचार-पाच किलोमीटरने जातो, म्हणजे अडीच नॉटच्या आसपास. त्या वेगाला मुख्य अडथळा पाण्याच्या घर्षणाचा असतो, आणि लांब होडीचा भिजणारा भाग जास्त म्हणून घर्षणही जास्त. तुम्ही सांगताय तो फायदा जोरात वल्हवणाऱ्याला मिळतो, नवशिक्याला नाही.

दुसरं, चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या ४ मीटरच्या आत असतात. होडी गाडीपेक्षा लांब, वजन पंचवीस किलोच्या आसपास, लिफ्टमध्ये जात नाही, पार्किंगमध्ये ठेवू देत नाहीत. जी कयाक एकट्याने टपावर चढवता येत नाही ती पाण्यात उतरतच नाही. मला हा मुद्दा सगळ्यांत मोठा वाटतो.

पन्नास किलोवाली
दोघेही लांबीवरच भांडताय. माझं वजन ५० किलो, उंची जेमतेम पाच फूट. मोठ्या पोटाची (आतून ऐसपैस), १५० किलो भार पेलणारी कयाक माझ्यासारखीला दिली तर ती पाण्यात बसतच नाही, वर तरंगत राहते आणि वारा तिला ढकलत नेतो. बत्तीस इंच रुंद असेल तर वल्हं पाण्यापर्यंत पोचवायला हात खांद्याच्या वर न्यावे लागतात. "मोठी घ्या, सुरक्षित असते" हे वाक्य सडपातळ बायकांना आणि मुलांना सर्रास सांगितलं जातं, त्याचा मला खरंच राग येतो.

ग्रीनलंडचे शिकारी कयाक अंगाच्या मापाने बांधत: लांबी उंचीच्या साधारण तिप्पट, रुंदी नितंबांपेक्षा दोन मुठी जास्त. आधी बसून बघा. मांड्या वरच्या कडेला टेकतात का, पाय आतल्या पावट्यांना (पाय टेकवायच्या आधारांना) लागतात का, कंबर इकडेतिकडे सरकते का. लांबी त्यानंतर.

जलाशयप्रेमी
त्याच मापाने तुमच्या पाच फुटांना पंधरा फूट येतात! अरुंद आणि लांब, हेच मी म्हणतोय. वजनाचा मुद्दा मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा. छापील भारक्षमतेच्या दोन-तृतीयांशापर्यंतच भरा, आणि त्यात पाणी, डबा, तंबू सगळं धरा.

खाडीकाठचो
तुमची चर्चा सगळी धरणाची. आमच्याकडे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर ओहोटी लागली की पाणी बाहेर खेचतं, आणि मुखाशी लाटा फुटतात. तिथे लांब कयाक लाटेला आडवी झाली की सरळ करता करता उलटते. नवख्याने मुखाकडे जाऊच नये; पण आतल्या पाण्यातही माझा कौल दहा-अकरा फुटी, वर बसायच्या (आत पाय न घालता बंद पृष्ठभागावर बसतात त्या) कयाकला. तिच्या भोकांतून पाणी आपोआप निथळतं. आत बसायच्या कयाकला हवाबंद कप्पे नसतील आणि ती भरली, तर दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. ती काठाला कशी ओढणार?

टपावरची होडी
आणि कोलाडच्या कुंडलिका नदीत तर आठ-नऊ फुटीच लागते. वरच्या भिरा धरणातून पाणी सुटल्यावर दगडांमधून पटकन वळता आलं पाहिजे. तिथे सरळ जाणारी होडी धोक्याची.

जलाशयप्रेमी
कुंडलिकेसाठी मान्य, पण वाहत्या पाण्याची कयाक ही वेगळीच जात आहे, ती कोणी पवनेला नेत नाही. गाडीचंही ऐकलं. टपाला दोन आडवे दांडे, मधे दोन पट्टे, पुढून-मागून दोरी, मागच्या टोकाला लाल फडकं, आणि चढवताना आधी एक टोक मागच्या दांड्यावर टेकवून मग ढकलायचं. एकट्याने होतं. बारा फुटी तर ३.६६ मीटरचीच आहे, छोट्या गाडीपेक्षा लांब नाही.

पन्नास किलोवाली
बारा फुटी, तेवीस-चोवीस इंच रुंद, कमी पोटाची. अशी कुठे बसून बघायला मिळत असेल तर इथे लिहा. मी वल्हं घेऊन येते.