वेकहर्स्टच्या तळ्याकाठी देवनळाचे रान का राखले आहे?

प्रश्न – पाणवठा
इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात वेकहर्स्ट ही जुनी इस्टेट आहे. तिची मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असून १९६५ पासून व्यवस्था क्यूच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्सकडे आहे. वाड्याजवळची बाग अत्यंत नेटकी आहे. परंतु उतारावरून वेस्टवुड तळ्यापाशी पोहोचल्यावर काठाला देवनळ (पोकळ काडीचे उंच पाणगवत), पाणकणीस आणि चिखल दिसतो. वनस्पतिशास्त्राची एवढी मोठी संस्था हाताशी असताना हा भाग असा का ठेवला असावा? तो पूर्णपणे निसर्गावर सोपवला आहे काय?

उत्तर – चतुर
निसर्गावर सोपवला असता, तर तो पाणथळ राहिलाच नसता. देवनळाची वाळलेली पाने आणि काड्या दरवर्षी पाण्यात पडतात, त्यांचा थर साचत जाऊन तळ उंचावतो, जमीन कोरडी होऊ लागते आणि मग वाळुंज व ऑल्डर या ओलसर जागी वाढणाऱ्या झाडांची रोपे तेथे मूळ धरतात. काही दशकांत तेथे झाडी उभी राहते. म्हणून असे पट्टे राखताना देवनळ हिवाळ्यात, पक्ष्यांची वीण सुरू होण्यापूर्वी, कापतात. मात्र तो एकाच वर्षी सगळा कापत नाहीत, कारण पोकळ काड्यांत कीटक हिवाळा काढतात आणि सहाराच्या दक्षिणेकडून येणारा वटवट्या उभ्या काड्यांना विणूनच घरटे बांधतो. कापलेला माल बाहेर नेणेही तितकेच आवश्यक आहे. तो तेथेच कुजला तर कापणीचा उपयोग उरत नाही. आपल्याला जे रान वाटले, ते माझ्या मते त्या बागेतील सर्वांत कष्टाचे बागकाम आहे.

उत्तर – गाळपेर
चतुर यांच्या उत्तराला तळ्याच्या बाजूची जोड देतो. इस्टेटीतील तळी बहुधा ओढा अडवून केलेली असतात आणि अडवलेल्या पाण्यात गाळ बसणारच. ऑक्सफर्डशरमधील ब्लेनहाइम राजवाड्याच्या उद्यानात उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउन यांनी १७६० च्या दशकात ग्लाइम नदी अडवली, तेव्हा वास्तुकार व्हॅनब्रू यांच्या भव्य पुलाच्या खालच्या खोल्याही पाण्याखाली गेल्या. त्याच तळ्यांपैकी क्वीन पूल पुढे इतके उथळ झाले, की काही वर्षांपूर्वी यंत्रे लावून गाळ उपसावा लागला. काठावरचा देवनळ वाहत येणारा गाळ अडवतो आणि शेतांतून आलेले नत्र व स्फुरद शोषून घेतो. तो काठ साफ करून हिरवळ लावणे म्हणजे पुढच्या पिढीवर उपशाचा खर्च टाकणे होय, असे मला ठामपणे वाटते.

उत्तर – पाणवठा
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तळ्यापलीकडे लोडर व्हॅली हे राखीव क्षेत्र आहे, त्याचाही याच्याशी संबंध आहे काय?

उत्तर – चतुर
निश्चितच आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आर्डिंग्लीचा जलाशय झाल्यावर इस्टेटीच्या खालच्या दरीत पाणी शिरले, आणि १९८० मध्ये त्या काठावर हे क्षेत्र सुरू झाले. १९०३ मध्ये ही इस्टेट विकत घेणाऱ्या जेराल्ड लोडर यांचे नाव त्याला दिले आहे. खंड्या पाहायचा असेल तर जलाशयाच्या बाजूला जावे. वटवट्याचे गाणे ऐकायचे असेल तर मे महिन्यात, सकाळी लवकर, देवनळाजवळ थांबावे.