घरामागच्या टेकडीवर बफेलग्रास – उपटू, फवारू की शेळ्या सोडू?

वाळूतली_मैना

नमस्कार मंडळी. बागकामात टाकू की परदेशवाल्यांच्या विभागात ते कळेना म्हणून इथेच टाकतेय, अ‍ॅडमिनना वाटलं तर हलवा.

आम्ही दोन वर्षांपूर्वी तूसॉनला आलो, अ‍ॅरिझोनात. घर अगदी टेकडीच्या पायथ्याला, मागचं कुंपण संपलं की खडकाळ उतार सुरू आणि त्यातला अर्धा एकर आमच्याच नावावर आहे. उतारावर सहा सवारो निवडुंग आहेत (स्पेलिंगमध्ये जी आहे पण इथे सगळे सवारोच म्हणतात), त्यातल्या एकाला चार हात फुटलेत. शेजारचे आजोबा म्हणाले की पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं जातात, म्हणजे हा आपल्या आजी-पणजीच्या वयाचा. घर घेताना निम्मा जीव माझा त्याच्यावरच जडला होता, बाकी किचन वगैरे ठीकच आहे.

तर गेल्या वर्षी ओहोळाच्या कडेला गवताचे चार-पाच झुपके दिसले. बाटली धुवायच्या ब्रशसारखे तुरे, संध्याकाळच्या उन्हात इतके सोनेरी दिसायचे की मी कौतुकाने रीलसुद्धा केलं 🤦‍♀️ हिवाळ्यात बागेच्या माणसाकडून मशीनने सपाट करून घेतले आणि विसरून गेले. आता जुलैचा पाऊस झाल्यावर बघते तर अर्धा उतार हिरवागार, पार आमच्या चार हातवाल्याच्या बुंध्यापर्यंत. त्यात सोसायटीचं पत्र आलंय की हे बफेलग्रास आहे, काढा. कसं काढा ते काही लिहिलेलं नाही.

औषध मारावं तर निवडुंगांना काही होईल का? उपटावं तर किती वेळा? आणि एक म्हणजे सासूबाई आल्यात सहा महिन्यांसाठी, त्या म्हणतात हे तर आपलं अंजन गवत, आमच्या दादांच्या रानात बांधाला होतं, गुरं तुटून पडायची, दोन शेळ्या आण आणि सोड. मी हसले, पण रात्री झोपताना विचार आला की खरंच आपलं असेल तर इथे आलं कसं?

सोलापुरी_माळ

सासूबाईंना दंडवत सांगा. शंभर टक्के अंजन. शास्त्रीय नाव सेंक्रस सिलियारिस. (खानदेशात अंजन नावाचं झाड असतं ते वेगळं, नंतर कोणी इथे भांडायला नको.) हे गवत आफ्रिकेपासून अरबस्तानामार्गे आपल्याकडच्या कोरड्या मुलखापर्यंत मुळातच आहे, राजस्थानात धामण म्हणतात, जोधपूरच्या काझरीने (कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था) तर त्याची निवड करून मारवाड अंजन नावाचा वाण काढलाय, आपल्याकडे पण कृषीवाले चाऱ्यासाठी लावा म्हणून सांगतात. आमच्या माळावर मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी यांच्या पंगतीत ते एका कडेला गुमान बसलेलं असतं. चरणारी जनावरं आहेत, बाकीची गवतं जागा सोडत नाहीत, पीडा-रोग त्याच्या ओळखीचे आहेत. माजायला वावच नाही.

तिकडे कसं पोचलं ते इतर कोणी सांगेल, मला फक्त गंमत वाटली की आम्ही इथे गवत वाचवा म्हणून बोंबलतोय आणि तुम्हाला गवत मारायचंय.

पालो_वर्दे

मी तूसॉनमध्ये अकरा वर्षं काढलीत (आता फिनिक्स), आणि त्यातली सहा-सात वर्षं शनिवारी सकाळी पहार घेऊन हेच गवत उपटलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आलं कसं? चुकून नाही, मुद्दाम आणलं. १९३०-४० च्या काळात इकडे दुष्काळ, धूळ, गुरांनी बोडकी केलेली जमीन, म्हणून सरकारी मृद्संधारणवाले जगभरची चिवट गवतं मागवून लावून बघत होते. केनियातल्या तुर्काना वाळवंटातून आलेल्या बियाण्याचा वाण टेक्सासात १९४६ ला बाहेर पडला आणि मग थांबलाच नाही. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरात तर पशुपालकांनी वाळवंट साफ करून करून अफाट क्षेत्रावर याचीच पेरणी केली. आणि याचं बी बहुतेक करून आईची हुबेहूब नक्कल असतं, म्हणजे एकच चिवट जात जशीच्या तशी छापत जायची.

आता यात वाईट काय, गवतच तर आहे, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. तूसॉनभोवतालचं हे सोनोरन वाळवंट नीट बघ, दोन झुडपांच्या मध्ये उघडी माती असते. वीज पडली तर एखादं झाड जळतं आणि आग तिथेच उपाशी मरते. त्यामुळे इथल्या सवारोला, पालो वर्देच्या झाडाला आगीची सवयच नाही. बफेल ती मधली माती भरून काढतं, वर्षानुवर्षाचं वाळकं पातं बुडाशी साठत जातं आणि आख्ख्या टेकडीला वात लागते. आगीनंतर ते स्वतः बुडख्यातून परत फुटतं, सवारो फुटत नाही. कधीकधी तर सवारो लगेच मरतही नाही, उभाच असतो, आणि दोन-चार वर्षांनी कलंडतो, मग लोक म्हणतात अरेरे वारा लागला. शिवाय सवारोचं रोप पहिली कित्येक वर्षं पालो वर्देसारख्या एखाद्या झाडाच्या सावलीत बोटभर उंचीचं असतं, त्याच्या वाट्याचं पाणीही हेच पिऊन टाकतं. अ‍ॅरिझोनाने २००५ मध्ये याला घातक तण म्हणून जाहीर केलं, पण तोवर ते सगळ्या रस्त्यांच्या कडेने पसरून बसलं होतं.

२०२० च्या जूनमध्ये सांता कॅटालिना डोंगरात वीज पडून बिगहॉर्न आग लागली, जवळजवळ १ लाख २० हजार एकर गेले. आम्ही रात्री गच्चीवरून लाल रेघ बघत बसायचो, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, की खाली पायथ्याच्या बफेलमध्ये उतरली तर मग वस्तीपर्यंत सलग पेटत येईल.

आता तुझं काम. मशीनने कापणं ही सगळ्यात मोठी चूक, बुडखा मरत नाही आणि तुरे मात्र भिरभिरत सगळीकडे जातात. बागेच्या माणसाला दोष देऊ नकोस, बिचाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. अर्धा एकर म्हणजे उपटण्याजोगं आहे. पाऊस पडून दोन दिवस झाले की माती सैल असते तेव्हा जा, झुपक्याच्या बुडाशी पहार तिरकी घाल, उचक, बुडख्यासकट वर आला पाहिजे, नुसती पाती हातात आली तर काहीच केलं नाहीस असं समज. तुरे असतील तर आधी ते पिशवीत, मग उपटणं, नाहीतर प्रत्येक धक्क्याला तू पेरणी करत असतेस. जाड काळ्या पिशव्या, तोंड घट्ट बांधून कचऱ्यात. तुरा नसलेले झुपके माती झटकून मुळं वर करून खडकावर टाकलेस तरी उन्हात मरतात.

सकाळी लवकर. लांब बाह्या, चामडी हातमोजे, आणि दगड उलटायच्या आधी पहारीने टकटक. विंचू आणि रॅटलस्नेक दोघांनाही गवताचा गारवा आवडतो.

मुंबईचा_बाब्या

पण सासूबाईंचं काय चुकलं? शेळ्या सोडा ना, फुकटात काम, वर दूध 😄

पालो_वर्दे

@बाब्या हसण्यावारी नेऊ नकोस, हा प्रश्न इथले पशुपालकही विचारतात. अडचण अशी की हे गवत चराईसाठीच निवडलेलं आहे. खाल्लं की मरत नाही, फुटतं. गुरांनी वरचा पाला कमी केला तर जळण थोडं कमी होईल, पण बुडखे तसेच, आणि जनावरांच्या अंगाला चिकटून बी पुढच्या टेकडीवर. शेळी तर त्याच्याआधी पालो वर्देची कोवळी रोपं संपवेल. मेक्सिकोत याच्यावर गुरं आहेतच की, म्हणून कुठे ते संपलं?

कडुलिंब_७२

आणि ते औषध अजिबात मारू नका. तणनाशकातल्या ग्लायफोसेटने कॅन्सर होतो, सगळ्यांना माहितीय. कंपन्या दाबून टाकतात. गोमूत्र आणि मिठाचं पाणी मारून बघा.

पालो_वर्दे

मीठ?? वाळवंटात?? ताई कृपा करून मीठ टाकू नकोस, त्या जागी पुढे काहीच उगवणार नाही, सवारोसुद्धा नाही.

ग्लायफोसेटबद्दल, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगवाल्या संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं हे खरं, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत उलट आहे हेही खरं. मला स्वतःला ते आवडत नाही आणि अर्ध्या एकराला लागतही नाही. पण डोंगराच्या कड्यावर, जिथे माणूस पोचत नाही, तिथे सवारो नॅशनल पार्कवाले हेलिकॉप्टरने फवारतात, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, पहार घेऊन तिथे कोण चढणार?

मारायचंच असेल तर एक गोष्ट बहुतेक लोक चुकतात. हे औषध पानातून मुळाकडे जातं, त्यामुळे गवत किमान निम्मं तरी हिरवं आणि वाढीला लागलेलं हवं, वाळलेल्या पिवळ्या गवतावर मारलं म्हणजे पैसे आणि पाणी वाया. वर्षभरात पावसानंतरचे थोडेच आठवडे मिळतात, म्हणूनच इथे ऑगस्टमध्ये सगळ्यांची पळापळ. वारा नको, लगेच पावसाचा अंदाज नको, आणि पालो वर्देचं खोडही हिरवं असतं, ते पानासारखंच काम करतं, तेव्हा त्याच्यावर आणि निवडुंगांवर थेंब जाऊ द्यायचा नाही. निळा रंग मिसळतात म्हणजे कुठे मारलं ते दिसतं.

डार्विनकर

ऑस्ट्रेलियाच्या वरच्या टोकावरून रामराम. आमच्याकडे हीच कथा, गवत वेगळं. गांबा म्हणतात, तेही आफ्रिकेचं, तेही गुरांसाठीच आणलेलं, चार मीटरपर्यंत उंच जातं, आत माणूस शिरला तर दिसत नाही. इथल्या जंगलाला आगीची सवय आहे, दरवर्षी लागते, देशी गवत गुडघ्याएवढ्या ज्वाळेने जळून जातं आणि झाडं तशीच राहतात. गांबाची आग त्याच्या आठपट जोराची मोजलीय, ती झाडांच्या शेंड्यापर्यंत जाते. मग झाडं गेली की अजून ऊन, अजून गांबा. सरकार जमीनवाल्यांना तणनाशक फुकट वाटतं त्यावरून काय ते समजा.

ताई, तुमच्याकडे निदान सहा सवारो आणि अर्धा एकर आहे, मोजता येतंय. आत्ताच करा. मी पहिल्या वर्षी वीसेक झुपके "बघू पुढच्या मोसमात" म्हणून सोडले होते, त्यावर जास्त बोलत नाही.

सोलापुरी_माळ

एक राहिलं. @वाळूतली_मैना उपटताना एक सांभाळा. तुमच्या तिथे कुसळीपण असेल, हेटेरोपोगॉन, तीच ती आपली, पायमोज्यात घुसून जीव खाणारी. ती मात्र अ‍ॅरिझोनाची देशी आहे, तिला हात लावू नका. हवाईतसुद्धा ती देशीच, पिली म्हणतात, पूर्वी घरं शाकारायचे तिच्याने. ओळखायला सोपी, कुसळांचे काळपट शेंडे एकमेकांत पीळ घालून गुंतलेले असतात, पोरीच्या न विंचरलेल्या केसासारखे. अंजनाला मऊ केसाळ तुरा, बोटाने मागे ओढला की दाणे केसांसकट हातात येतात.

म्हणजे बघा, एक माळावरचं गवत तिकडे चोर आणि दुसरं तिकडे घरचं. आमच्या इथे उलटी तऱ्हा, माळ म्हणजे पडीक जमीन असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, मग दर पावसाळ्यात कोणीतरी येऊन खड्डे काढून गिरिपुष्प लावून फोटो काढून जातं. माळढोक, काळवीट, लांडगा सगळे त्या गवतावर जगतात, झाडं लावली की त्यांचं घर जातं. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला येऊन बघा. असो, विषयांतर झालं.

वाळूतली_मैना

सगळ्यांचे खूप खूप आभार, मीठ टाकणार नाही 😅

अपडेट देते. परवा रात्री मोठा पाऊस झाला, म्हणून आज पहाटे साडेपाचला मी, नवरा आणि सासूबाई असे तिघे गेलो. पहार नव्हती, शेजारच्या आजोबांनी दिली आणि स्वतःही येऊन खुर्ची टाकून बसले सूचना द्यायला. पहिला झुपका निघायला वीस मिनिटं लागली, मला वाटलं झालं कल्याण. मग सासूबाई म्हणाल्या वरून ओढू नको, उताराच्या खालच्या अंगाने घाल पहार, आणि खरंच, नंतर तीन-चार मिनिटात एक. साडेनऊपर्यंत एकसष्ट झुपके, अकरा पिशव्या. हातमोजे असूनही नवऱ्याच्या मनगटावर निवडुंगाचे काटे, ते आता कंगव्याने आणि चिमट्याने काढणं चालू आहे.

चार हातवाल्याच्या भोवती चारेक मीटर साफ झालं आहे. बाकी उतार अजून निम्मा शिल्लक.

एक शंका उरलीच, जमिनीत पडलेल्या बियांचं काय? दर वर्षी हेच करायचं का आता जन्मभर?

पालो_वर्दे

एकसष्ट! पहिल्या दिवशी माझे चौदा झाले होते.

जन्मभर नाही. याचं बी मातीत तीन-चार वर्षं टिकतं, फार नाही. म्हणजे नवीन तुरा धरू दिला नाहीस तर पुढच्या पावसाळ्यात रोपं भरपूर येतील, ती दोन बोटांनी निघतात, पहार लागत नाही, त्यानंतर कमी आणि मग तुरळक. फक्त ओहोळाच्या वरच्या अंगाला कोणाच्या जागेत आहे का ते बघून ठेव, पाण्याबरोबर तिथूनच येत राहील. आणि पार्काच्या हद्दीत शिरून एकटीच उपटायला जाऊ नकोस, तिथे त्यांच्या गटाबरोबरच जायचं असतं, सासूबाईंना घेऊन जा, तिथे त्यांना लगेच मुकादम करतील.

वाळूतली_मैना

वरच्या अंगाला आजोबांचीच जागा आहे 🙈 आत्ता खिडकीतून बघितलं, त्यांच्या पत्र्याच्या शेडमागे मस्त कंबरेएवढं आहे, तुऱ्यांसकट. इतका वेळ खुर्चीत बसून आम्हाला शिकवत होते. आता त्यांना कसं सांगू ते सुचवा कोणीतरी.

मुंबईचा_बाब्या

पहार परत करायला जाशील तेव्हा सासूबाईंना पुढे पाठव.