हान्स आधी की हार्नेस आधी?

दादा, रेसिंगसाठी आधी हान्स घ्यावं की हार्नेस, असा तुमचा प्रश्न. हान्स म्हणजे धडकेत डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून खांद्यांवर घालून हेल्मेटला जोडायची कॉलरसारखी चौकट; हार्नेस म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा सीटबेल्ट. तुमची गाडी नेहमीच्या तीन पॉइंट बेल्टचीच (तीन ठिकाणी बांधलेला, एकाच खांद्यावरून येणारा) असेल, तर हान्स सध्या घेऊ नका. ते दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्यांखाली दाबून बसतं. एकाच खांद्यावर पट्टा असला की धडकेत दुसऱ्या बाजूने निसटतं आणि डोकं पुढे फेकलं जायचं ते जातंच. तीन पॉइंटवर चालणारी हायब्रिड उपकरणं वेगळी मिळतात. ती छातीभोवतीच्या स्वतःच्या पट्ट्यांनी बांधलेली राहतात.

हार्नेस बसवायचाच असेल तर सहा पॉइंटचा घ्या. चार पॉइंटमध्ये खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि तो कमरेच्या हाडावरून पोटावर सरकतो. खांद्याचे पट्टे मागे आडवे, फार तर २० अंश खाली उतरलेले हवेत. थेट फ्लोअरला बांधले तर धडकेत मणका दाबला जातो. पट्टे असे आडवे राहायला मागे हार्नेस बार (पट्टे बांधायचा आडवा पाइप) आणि पट्टे ओवायला भोकं असलेली बकेट सीट लागते. रोल केजशिवाय (छत दबू नये म्हणून गाडीत बसवलेला पाइपांचा सांगाडा) मात्र हार्नेस नको: गाडी उलटली, छत दबलं, तर शरीराला बाजूला झुकायला जागा उरत नाही.

हेल्मेट स्नेल एसए२०२० (कार रेसिंगच्या हेल्मेटचं मानक) घ्या. त्यात आग सोसणारं अस्तर असतं, हान्सचे पट्टे अडकवायच्या अँकरसाठी एम६ मापाचे (६ मिमी स्क्रूचे) आटेही असतात. दुकानांतलं बाईकचं आयएसआय हेल्मेट इथे कामाचं नाही. त्याला भोकं पाडून अँकर लावणं तर धोक्याचंच. सरळ बसायच्या सेडान-हॅचबॅकला बहुतेकदा २० अंशांचं हान्स जुळतं (हा कोन सीट किती मागे कललेली आहे त्यावर ठरतो). आणि फोमची नेक कॉलर मान आखडू नये म्हणून ठीक, कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर ती रोखत नाही.