प्लॅन काढणाऱ्या प्रोग्रामनं फांद्या छाटाव्यात का? किती?

उद्यमबागकर
आमच्या बेळगावच्या मशीन शॉपचा रोजचा लोडिंग प्लॅन, म्हणजे कुठलं काम कुठल्या मशिनवर कधी, हे प्रोग्राम काढतो. कास्टिंग आलं की टर्निंग, व्हीएमसीवर (कंप्युटरवर चालणारं उभं मशीन) ड्रिलिंग, इंडक्शन हार्डनिंगला (तापवून कडक करायला) बाहेर, परत आल्यावर ग्राइंडिंग. आत्ताची अवस्था, करता येणाऱ्या कृती आणि गाठायचं उद्दिष्ट एवढं सांगायचं, बाकी शोध त्याचा. ही मांडणी 1971 च्या स्ट्रिप्स या प्लॅन काढणाऱ्या प्रोग्रामपासून चालत आली आहे. ऑर्डरी वाढल्या की मात्र हा शोध रात्रभर संपत नाही. आमचा नवा इंजिनिअर म्हणतो, उद्दिष्ट किती लांब आहे याचा अंदाज सांगणारं सूत्र सुधारू. माझं मत असं की ते नंतर बघू. आधी छाटणी, म्हणजे शोधातल्या काही वाटा, फांद्या, न बघताच सोडून देणं. तीही अशाच फांद्यांची, ज्या गेल्या तरी सर्वोत्तम प्लॅन हातचा जात नाही हे सिद्ध करता येतं.

समजा, दहा मशिनींवर फिक्स्चर बदलायची आहेत. कुठलं आधी, कुठलं नंतर, यानं काडीचा फरक पडत नाही. तरी क्रम होतात 36,28,800. प्रोग्राम बिचारा एकेक चालून बघणार.

टिळकवाडी_कट्टा
36 लाखांचा आकडा दाखवून घाबरवू नका. 1968 च्या ए-स्टारपासून (अंदाजाच्या आधारे सर्वोत्तम वाट शोधायची पद्धत) बहुतेक पद्धती बघून झालेल्या अवस्थांची नोंद ठेवतात. दहा मशिनी, प्रत्येकीचं फिक्स्चर बदललेलं किंवा न बदललेलं, म्हणजे अवस्था 1024. संपलं. रॅम घाला आणि अंदाज सुधारा, तुमचा इंजिनिअर बरोबर आहे.

उद्यमबागकर
दहाला 1024 खरं. वीस मशिनी घ्या, 10,48,576 होतात. क्रम एकदा ठरवून टाकला तर फक्त 21. रॅम कुठवर घालणार?

अंदाजाचंही ऐका. हेल्मर्ट आणि रोगर यांनी 2008 मध्ये दाखवलं की अंदाज अचूक उत्तरापेक्षा एखाद्या छोट्या, ठरावीक आकड्यानंच कमी पडत असला तरी काही अगदी साध्या प्रश्नांत ए-स्टारला उलगडाव्या लागणाऱ्या अवस्था प्रश्नाच्या आकाराबरोबर घातांकी वाढतात. कारण हेच, एकाच कामाचे असंख्य अदलाबदल केलेले क्रम. इथं अंदाज कितीही घासून पुसून घ्या, उपयोग मर्यादितच.

निपाणी_एक्सप्रेस
सर्वोत्तम हवाय कुणाला पण? पाळी सुरू व्हायच्या आत चालण्यासारखा प्लॅन हवा. 2001 च्या एफएफ प्लॅनरसारखं बिनधास्त कापा. कृतींमुळे जे नाहीसं होतं त्याकडे दुर्लक्ष करून आधी एक सैल प्लॅन काढायचा, त्याच्या सुरुवातीला ज्या कृती कामाच्या दिसतात तेवढ्याच पुढं न्यायच्या. बाकीच्या गेल्या उडत. फरक डोळ्यांना दिसतो.

खानापूरचा_पाऊस
दिसतो, अडकेपर्यंत! रॅकवर एकच जागा रिकामी आहे. तुमच्या सैल जगात ती भरली तरी रिकामीच राहते, त्यामुळे जुना पॅलेट आधी हलवावा असं प्रोग्रामला वाटतच नाही. ती कृती छाटली. रॅक भरल्यावर जाग येणार, तोवर क्रेन दुसऱ्या टोकाला. एफएफसुद्धा असा अडकला की हे सगळं टाकून पूर्ण शोध नव्यानं सुरू करतो. म्हणजे आधीचा वेळ पाण्यात. उद्यमबागकरांची सिद्धता असलेली छाटणी मला मान्य, ही नाही.

निपाणी_एक्सप्रेस
दहातला एखादा दिवस अडकला म्हणून बाकीचे दिवस रात्रभर कंप्युटर तापवायचा का?

शॉपवरचे_काका
मी सुपरवायझर आहे, गणित तुमच्याएवढं येत नाही. पण हे कापू का ते कापू, हे ठरवायलाच वेळ जातोय की. त्याचा हिशोब कोण धरणार?

उद्यमबागकर
काका, रास्त प्रश्न. प्रत्येक अवस्थेत कुठल्या कृती एकमेकींत अडकत नाहीत हे तपासायचा खर्च असतोच. सगळी कामं एकाच मशिनवर अवलंबून असतील तर छाटायला काही सापडत नाही आणि तो खर्च अंगावर येतो. म्हणून फास्ट डाउनवर्ड या प्लॅन काढणाऱ्या प्रोग्राममध्ये सोय आहे, सुरुवातीच्या काही अवस्था उलगडल्यावर छाटणी नगण्य दिसली तर ती बंदच करायची.

शिवाय छाटणीचा दुसरा प्रकार फार स्वस्त पडतो. दोन व्हीएमसी सारख्या असतील तर पहिलीवर हा जॉब, दुसरीवर तो, आणि उलटं, हे दोन प्लॅन एकच. एक टाकून द्यायचा. चार सारख्या असतील तर चोवीसातला एक ठेवायचा.

शॉपवरचे_काका
सारख्या हाईत असं कुणी सांगितलं तुम्हाला? जुन्या मशिनचा स्पिंडल गरम झाला की बोअर, म्हणजे आतलं भोक, बिघडतोय. पोरं बोअरचं काम नव्यावरच लावतात. हार्डनिंगचंही तेच बघा. मच्छे आणि शिनोळी, दोन्हीकडं भट्टी तीच, दर तोच. पण शिनोळी महाराष्ट्रात. राज्याबाहेर जॉबवर्कला माल जाणार म्हटल्यावर किंमत कितीही कमी असू दे, ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा कागद, लागतंयच. मच्छेला छोटी खेप चलनावर जाते. तुमच्या प्रोग्रामनं एक टाकून दिला आणि टेम्पो शिनोळीला लावला, तर ऑफिस उघडेपर्यंत गाडी गेटवरच.

टिळकवाडी_कट्टा
काकांनी सिद्धतेचीच हवा काढली. 😀

उद्यमबागकर
सिद्धता तशीच आहे, मॉडेल अपुरं आहे. कुठल्या दोन गोष्टी सारख्या, हे प्रोग्राम आपण लिहिलेल्या वर्णनावरूनच शोधतो. शिनोळीच्या कृतीला ई-वे बिलाची पूर्वअट घाला, जुन्या मशिनला बोअरची मनाई घाला. तेवढ्यानं सारखेपणा मोडतो आणि ती फांदी आपोआप वाचते. बिनधास्त कापणाऱ्या प्लॅनरला ही खात्री देता येत नाही, तिथं वर्णन बरोबर असूनही चांगली फांदी जाऊ शकते.

निपाणी_एक्सप्रेस
आणि अशी प्रत्येक बारीक गोष्ट लिहिली की सारखं काही उरणारच नाही. मग छाटणार काय? शेवटी माझ्याच वाटेला याल.

शॉपवरचे_काका
ते तुम्ही ठरवा. मी व्हीएमसीचं आणि भट्टीचं उद्या लिहून देतो. ग्राइंडिंगचं मात्र दोनदा लिहावं लागणार, दिवसपाळीचा माणूस वेगळा, रातपाळीचा वेगळा.