आईंना हलवण्याआधी घरातच बदल करून बघा

मोरीत घसरल्या म्हणून आईंना लिफ्टच्या इमारतीत न्यायचं म्हणताय, पण जरा थांबा. बाबांसाठी आम्ही आधी न्हाणीघराच्या दारातला २ इंची उंबरठा काढला, गुळगुळीत फरशी उखडून खरखरीत बसवली. आधाराचा दांडा मात्र पहिल्यांदा स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात त्या नुसत्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर लावला गेला आणि आठवड्यात उपटून हातात आला. नशीब, तेव्हा तो मी धरला होता, बाबांनी नाही! मग टाइलमागच्या विटेत खोल भोक पाडून अँकर बोल्टने (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) आवळून घेतला. दाराशी उतार करणार असाल तर ६ इंचांच्या पायरीला निदान ६ फूट लांबी ठेवा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना ३,००० रुपये मिळतात, पण ते वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी. गवंड्याची मजुरी त्यात धरलेली नाही, हे मला फार खटकतं.